मदत हवी आहे: बोगद्याच्या सस्टेनेबिलिटीचा हिशोब

चेंदणीचा_चिंटू
सोमवारी रिव्ह्यू आहे. बोगदा सस्टेनेबल आहे की नाही ते आकड्यांत दाखवायचंय. प्रवासाचं अंतर 12 किमीने कमी, वेळ तासभर वाचतो, वाचलेलं इंधन गुणिले गाड्या, असं एक्सेल केलं. गाइड म्हणतात, अर्धंच आहे. उरलेलं अर्धं काय? फॉरमॅट असेल तर टाका, घाईत आहे.

तीन_हात_नाका
कुठला बोगदा ते तरी लिही. रस्ता, मेट्रो, की बुलेट ट्रेनचा खाडीखालचा?

चेंदणीचा_चिंटू
ठाणे-बोरिवली, अजून कुठला?

साइटवाले_काका
बाळा, तू गाडी चालू झाल्यापासून मोजतोयस. मोजणी खणण्यापासून सुरू होते. मक, म्हणजे खणून निघणारा दगड-माती, धरलास का? साडेसहा मीटर व्यासाचा मेट्रोचा बोगदा घे. मशीन एक मीटर पुढे सरकलं की 33 घनमीटर दगड निघतो. फुटलेला दगड फुगतो, दीडपट धर, झाले 50. म्हणजे मीटरमागे चार-पाच डंपर. तुझा बोगदा याहून बराच मोठा, शिवाय दोन. डंपर कुठे रिकामा होतो आणि तिथपर्यंत किती डिझेल जाळतो, हा रकाना आहे का?

राखाडी_सिमेंट
मक नंतर. आधी अस्तराचं काँक्रीट. काकांच्याच व्यासात पाऊण फुटाहून थोडं जाड सेगमेंट (अस्तराचा आधीच ओतलेला काँक्रीटचा तुकडा) धरलं तर मीटरमागे पाच घनमीटर काँक्रीट, म्हणजे दोनेक टन सिमेंट. साधं सिमेंट असेल तर टनामागे पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. सिमेंटच्या जागी निम्मं स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतला दळलेला टाकाऊ माल, घातलं की आकडा धाडकन खाली. सगळा खेळ मिक्स डिझाइनचा, काँक्रीटमध्ये काय किती घालता त्याचा.

साइटवाले_काका
स्लॅगने सुरुवातीची ताकद उशिरा येते. सेगमेंट ओततात त्या कास्टिंग यार्डात साचे अडकून पडले की कळतं.

राखाडी_सिमेंट
त्याला वाफेचं क्युअरिंग असतं, वाफ देऊन लवकर पक्कं करतात, काका.

घोडबंदरचा_बळी
मुळात बोगदा हवाच कशाला? तो होईस्तोवर मानपाड्याचा सिग्नल पाच वेळा लागतो त्याचं काय? काल आमच्या सौ. भाजी घेऊन आल्या तोवर मेथी मान टाकून बसली होती.

वर्तुळात_मेट्रो
+1. ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोचं बघा, 29 किमीत जमिनीखाली फक्त तीनेक. वर हवा फुकट, उजेड फुकट. खाली पंखे आणि पंप जन्मभर चालू. मे 2025 मध्ये मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलेलं विसरलात?

तीन_हात_नाका
पण चिंटूचा बोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून जातो. वरून नेणार असाल तर झाडं तुम्ही मोजा. चिंटू, पर्याय कशाशी तोलतोस ते पहिल्या ओळीत लिही, नाहीतर सगळा हिशोब हवेत. आणि रस्ता मोकळा झाला की नव्या गाड्या येतात, त्या वजा कर. पंखे, पंप, दिवे यांची वीज शंभर वर्षांची धर.

चेंदणीचा_चिंटू
शंभर?? मी तीस धरलेत. आणि व्यास माझ्याकडे नाहीये.

साइटवाले_काका
मग एक्सेलमध्ये नक्की आहे काय?

चेंदणीचा_चिंटू
गाड्या.

शहापूरकर
ते मक मिळतं का कुठे? गावी अंगणात भराव घालायचाय. डंपरचं भाडं मी देईन.