मातीच्या कीलाकार पाट्यांवर पांढरी भुकटी: पुसायची का?

दुर्मीळ_विभाग: अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयात कीलाकार लिपीतल्या (क्युनिफॉर्म, खिळ्याच्या आकाराच्या खुणांची प्राचीन लिपी) काही पाट्या आहेत. दक्षिण इराकमधल्या प्राचीन उर शहराच्या तिसऱ्या राजवंशातल्या (इ.स.पू. २११२–२००४) हिशेबाच्या पावत्या, अशा पाट्या विकणाऱ्या एडगर बँक्सकडून घेतलेल्या. ओकच्या ड्रॉवरमध्ये, कापसावर. दोघींवर पांढरी भुकटी आलीय, एकीचा कोपरा सुटतोय. ओल्या बोळ्याने पुसू? आणि स्कॅन कसं करायचं?

खारीमाती: पाणी अजिबात नको! कच्ची (न भाजलेली) पाटी ओली झाली की आधी अक्षरंच जातात. भुकटी बहुधा क्षारांची. दक्षिण इराकच्या जमिनीत मीठ मुबलक. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ विरघळतं, उतरली की पुन्हा स्फटिक धरतं. हे पृष्ठभागाच्या आत घडलं की वरचा पापुद्रा उचलला जातो. म्हणून आर्द्रता नुसती कमी असून भागत नाही, ती सतत वरखाली होता कामा नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आर्द्रतामापक ठेवा.

कपाटवाला: ओक आधी बदला. त्यातून असेटिक आम्लाची वाफ सुटते आणि पाटीतल्या चुन्याशी मिळून नवे क्षार तयार करते. पावडर-कोटिंगचं स्टीलचं कपाट घ्या, पॉलिएथिलीन फोममध्ये प्रत्येकीला खाच कापा, किंचित सैल. कापसाचे तंतू सुटलेल्या कपचीत अडकतात आणि उचलताना कपची त्यांच्याबरोबरच येते. पडलेला तुकडा त्याच पाटीच्या क्रमांकाच्या पिशवीत. भुकटीचा नमुना तपासायला दिल्याशिवाय ब्रशसुद्धा नको.

दुर्मीळ_विभाग: भट्टीत भाजून घेतल्या तर? ब्रिटिश म्युझियममध्ये भाजायचे ना?

खारीमाती: भाजायचे, आणि मग पाण्यात ठेवून क्षार काढायचे. पण भाजलेली पाटी पुन्हा कच्ची होत नाही; मातीत राहिलेले सेंद्रिय अंश जळून जातात. शिवाय तापमान जास्त झालं तर मातीतल्या कॅल्साइटचा (चुनखडीतलं खनिज) कळीचा चुना होतो, तो पुढे हवेतली ओल शोषून फुगतो आणि पाटी तडकते. प्राचीन असिरियाची राजधानी निनवे इथल्या काही पाट्या इ.स.पू. ६१२ च्या आगीत आपोआप भाजल्या गेल्या, ती गोष्ट निराळी. तुमच्या दोन पाट्यांसाठी हा मार्ग मला तरी नको वाटतो.

सहाबाजू: स्कॅनचं: कोपरा सुटणारी पाटी स्कॅनरच्या काचेवर ठेवू नका, तिचे कॅमेऱ्याने फोटो घ्या, प्रकाश वरच्या डाव्या बाजूने तिरपा. बाकीच्यांना सीसीडी स्कॅनर (भिंग-आरशांचा, थोडी खोलीही स्पष्ट टिपणारा), ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके). स्वस्त सीआयएस स्कॅनरला (काचेला लागून संवेदक असलेला, पातळ प्रकार) खोली पकडता येत नाही, फुगीर पाटीच्या कडा धूसर येतात. पुढची, मागची आणि चारही कडा घ्या. ओळी बऱ्याचदा उजव्या कडेवर वळलेल्या असतात. पाटी पुस्तकाच्या पानासारखी नाही, खालच्या कडेवरून उलटायची, नाहीतर मागचा मजकूर उलटा येतो. मोजपट्टी फ्रेममध्येच ठेवा.