आऊटबोर्ड लय धूर काढतंय, ऑइल जास्त झालं का?

होडीवाला: मालवणला छोटी होडी आहे, टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन, पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं). भावाने १० लिटर पेट्रोलात अंदाजाने अर्धा लिटर ऑइल ओतलं, आता निळा धूर, स्लो केलं की बंद पडतं आणि स्पार्क प्लग काढला तर काळाकुट्ट नि ओला. काय करू?

खलाशी: अरे पेट्रोल-ऑइल २०:१ झालं की हे! मॅन्युअल बघ, ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली पुरतं. ओतून देऊ नको, त्यातच १५ लिटर साधं पेट्रोल घाल, हिशोब बसतो. प्लग बदल.

दर्या७: ऑइल बाइकचं नाही ना? टीसी-डब्ल्यू३ (होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच घे. आणि धुराला घाबरून कमी घालू नकोस हां, पिस्टन जाम होईल.

होडीवाला: बाइकचंच होतं 🙈 मग हे सगळंच काढतो.