एम्प्रेस की गेन्टिंग ड्रीम? मदत हवी आहे

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आईबाबा, आम्ही दोघं आणि ७ वर्षांची लेक असं क्रूझला जायचंय पण बोटच ठरेना. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस घेतली तर विमान नाही, व्हिसाची भानगड नाही, पण बोट १९९० ची. सिंगापूरची गेन्टिंग ड्रीम २०१६ ची, ३३५ मीटर लांब, लेक वॉटर स्लाइडचे फोटो बघून हटूनच बसलीये!

खरी काळजी बाबांच्या गुडघ्यांची, एम्प्रेसच्या लक्षद्वीप ट्रिपमध्ये बोट समुद्रातच थांबते आणि छोट्या होडीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं, ते झेपेल का? नाहीतर गोव्याचीच ट्रिप घेऊ. आईला कांदा-लसूण चालत नाही, पिशवीत मेतकूट असतंच म्हणा. दोन्ही बोटींवर कोणी जाऊन आलंय का? लहान बोट जास्त हलते का हो?