उल्का, अशनी की लघुग्रह?

प्रश्न : आठवीच्या मुलांसाठी डायनोसॉरच्या अंतावर लेख लिहिते आहे. ‘उल्कापातामुळे डायनोसॉर नष्ट झाले’ हे वाक्य सगळीकडे सापडते. इथे उल्का योग्य की अशनी? आणि त्या काळच्या खडकात दिसणाऱ्या मातीच्या पट्टीला थर म्हणू की स्तर?

प्रतिसाद : दोन्ही नकोत, ‘लघुग्रहाचा आघात’ लिहा. वातावरणात पेटून क्षणभर दिसते ती उल्का. जमिनीवर पोहोचून दगड म्हणून हाती लागतो तो अशनी. मेक्सिकोच्या युकातानजवळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जे आदळले, त्याचा व्यास सुमारे १० किलोमीटर होता आणि आदळताच त्याची बहुतांश वाफ झाली. मग अशनी कुठला उरणार?

उरली ती धूळ, आणि ती जगभर बसली. इटलीत गुब्बिओजवळच्या चुनखडीत जेमतेम सेंटिमीटरभर चिकणमातीची पट्टी आहे. खालच्या चुनखडीत सागरी सूक्ष्मजीवांची मोठी कवचे भरपूर, वरच्या चुनखडीत मात्र एकदम चिमुकली. ही माती साचायला किती काळ लागला हे भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझ यांना जाणून घ्यायचे होते. अवकाशातून धुळीबरोबर इरिडियम हा धातू संथपणे पडत असतो, त्यावरून हिशेब मांडता येईल असे त्यांचे वडील, भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांना वाटले. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजले, तर प्रमाण सुमारे ३० पट वाढलेले! पृथ्वीवरचे बहुतेक इरिडियम लोहाबरोबर गाभ्यात उतरले आहे, कवचात ते अगदी थोडे. म्हणून १९८० साली या चौघांनी लघुग्रहाचा निष्कर्ष मांडला. पुढे याच पट्टीत, इतर ठिकाणी, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक समांतर रेघांचे क्वार्ट्झचे कणही मिळाले. प्रचंड आघाताशिवाय तशा रेघा उमटत नाहीत.

तुमच्या लेखात ‘थर’च ठेवा, मुलांना तो लगेच कळतो. स्तर हा स्तरविज्ञान, स्तरित खडक अशा जोडशब्दांत शोभतो.

दुसरा प्रतिसाद : पण लोणारच्या संदर्भात ‘उल्कापात’ इतका रुळला आहे की आता तो बदलणे अवघड.

प्रतिसाद : बोलताना राहू दे. शिकवताना मात्र आघातच म्हणावे, कारण लोणारलाही ओळख पटली ती खडकावरच्या आघाताच्या खुणांवरून. तिथल्या बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडून त्याची काच झाली आहे.

आणखी एक. वाक्यातला ‘मुळे’ जपून वापरा. आपल्या दख्खनचा लाव्हा त्याच सुमारास वाहत होता. विनाशात त्याचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. आघाताचे पारडे जड आहे, तरी मुलांना लाव्ह्याबद्दल एक ओळ हवीच.

प्रश्नकर्ती : युकातानजवळच्या त्या आघाताच्या जागेला, म्हणजे चिक्शुलूबला, विवर म्हणायला हरकत नाही ना?

प्रतिसाद : नाही, पण ‘गाडले गेलेले विवर’ म्हणा. व्यास सुमारे १८० किलोमीटर असला, तरी ते शेकडो मीटर गाळाखाली आहे. नुसते विवर वाचून मुले उघडा खड्डा शोधतील.