ब्लॅक होलची घनता नेमकी किती? अनंत की हवेपेक्षा कमी?

चकलीताई :
मंडळी, एक शंका. भाचा नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी ब्लॅक होलचा चार्ट करतोय आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलंय "घनता : अनंत". मी पण मान डोलावली, आपणही तेच ऐकत आलोय. मग कुठल्याशा व्हिडिओत एकजण म्हणाला की एम-८७ दीर्घिकेतल्या ब्लॅक होलची घनता हवेपेक्षा कमी आहे! म्हटलं काहीतरी फेकतोय, म्हणून स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले. वस्तुमान ६५० कोटी सूर्यांएवढं, त्रिज्या साधारण १,९२० कोटी किमी, भागाकार केला तर घनमीटरला ०.४४ किलो येतंय. तीनदा केलं, तेवढंच. हवा १.२ किलो असते ना? मग ते अनंत गेलं कुठे, की माझीच शून्यं चुकतायत (ती चुकतात, घरात सगळ्यांना माहितीये)

रात्रपाळी :
शून्यं बरोबर आहेत ताई. गोम अशी आहे की ब्लॅक होलची त्रिज्या, म्हणजे त्याच्या क्षितिजाची (जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेची) त्रिज्या, वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढते, एका सूर्याला ३ किमी तर दहा सूर्यांना ३० किमी. रव्याच्या लाडवाचं तसं नसतं, आठ लाडवांचा मिळून एक वळला तर तो जेमतेम दुप्पट रुंद होतो. इथे आठपट माल म्हणजे आठपट त्रिज्या, म्हणजे आकारमान थेट ५१२ पट, आणि घनता चौसष्टावा हिस्सा. त्यामुळे मोठं होत गेलं की सरासरी घनता धडाधड खाली येते. सूर्याएवढ्या ब्लॅक होलला घनमीटरला १८५ वर १७ शून्यं इतके किलो, अणूच्या केंद्रकापेक्षाही ऐंशीएक पट दाट. आपल्या आकाशगंगेच्या मधलं सॅजिटेरियस ए-स्टार ४३ लाख सूर्यांचं, ते पाण्याच्या हजारपट. साडेतेरा कोटी सूर्यांच्या आसपास बरोब्बर पाण्याएवढी होते, आणि एम-८७ वालं त्याच्याही कितीतरी पुढे.

म्हणूनच दहा सूर्यांच्या ब्लॅक होलजवळ गेलात तर क्षितिजाच्या आधीच ताणून शेवया होतील पण एम-८७ च्या क्षितिजातून आत गेलेलं तुम्हाला जाणवणार पण नाही.

खवचट_बोका :
म्हणजे बादलीत टाकलं तर तरंगेल म्हणा की

रात्रपाळी :
@खवचट_बोका बादलीच आत जाईल राव, नळासकट.

दुर्बीणवाला :
रात्रपाळी यांचं गणित चोख आहे, पण त्या "सरासरी" शब्दावर जरा थांबतो कारण खरी गडबड तिथेच आहे. क्षितिज म्हणजे काही गोळ्याचं साल नाही, आणि आत ०.४४ किलोची हवा भरून ठेवलीय असंही नाही. आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणाचं श्वार्ट्सशिल्डचं १९१६ चं उत्तर घ्या, ते सगळीकडे निर्वात पोकळीचं उत्तर आहे, आत कुठेही पदार्थ नाही. शिवाय आत गेल्यावर त्रिज्येची दिशा काळासारखी वागायला लागते, त्यामुळे "आतलं आकारमान किती" याचं उत्तर तुम्ही काळाचे काप कसे पाडता त्यावर बदलतं. आपण शाळेतलं गोलाचं सूत्र लावतो ते एक सोयीचं माप म्हणून, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही.

आता सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे आइनस्टाइनचं गणित कोलमडतं ते टोक. सगळ्या चित्रांत मधोमध एक काळा ठिपका काढतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. (न फिरणारं ब्लॅक होल धरून बोलतोय. खरी फिरतात, तिथे केरच्या १९६३ च्या गणितात ठिपक्याऐवजी कडं येतं, ते आत्ता सोडा.) क्षितिजाच्या आत सिंग्युलॅरिटी ही जागा नसते, ती येणारी वेळ असते. उद्याची सकाळ कुठल्या दिशेला आहे असं कोणी विचारलं तर काय दाखवाल? तसंच. आणि टाळता येत नाही तेही तसंच. सॅजिटेरियसमध्ये क्षितिज ओलांडलं की रॉकेट कसंही चालवा, तुमच्या घड्याळात जास्तीत जास्त ६६ सेकंद, चहाला उकळी पण येणार नाही. एम-८७ मध्ये २८ तास मिळतात.

चकलीताई :
२८ तास म्हणजे दोन वेळचं जेवण होईल 😄 पण मग एवढं सांगा, ते अनंत खरंच असतं की नुसतं गणितात?

कोलकाता_रिटर्न :
ताई यात एक आपला माणूस आहे आणि त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. १९३९ मध्ये ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी धुळीचा एकदम गोल गोळा कोसळताना दाखवला, शेवटी घनता अनंत. लोक म्हणाले, गोळा इतका गोल धरलात तर सगळं एका बिंदूत येणारच, जरा वेडावाकडा असता तर धूळ एकमेकांना चुकवून निघून गेली असती. १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींनी एक समीकरण दिलं, गुरुत्वाकर्षण शेजारशेजारच्या वाटांना कसं एकत्र ओढत नेतं त्याचं, आणि त्यात गोलबिल असण्याची काही अट नाही. त्याच पायावर १९६५ मध्ये ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोजनी सिद्ध केलं की एकदा सापळा बंद झाला (म्हणजे प्रकाशही बाहेर पडू शकत नाही अशी वेळ आली) की गोळा कसाही असो, सिंग्युलॅरिटी चुकत नाही. २०२० चं नोबेल त्याच कामाला.

आता तुमच्या प्रश्नाचं. पेनरोजच्या प्रमेयात "घनता अनंत" असं कुठेही म्हटलेलं नाही! ते एवढंच सांगतं की वाट संपते, प्रकाशकिरणाला पुढे जायला रस्ताच उरत नाही. का संपते याबद्दल ते गप्प आहे. आणि घनता घनमीटरला ५ वर ९६ शून्यं किलोच्या घरात गेली की क्वांटमशिवाय आइनस्टाइनचं समीकरण वापरण्यात काही राम नाही, त्यामुळे "अनंत" हे मोजलेलं उत्तर नाही, कॅल्क्युलेटरवर शून्याने भागल्यावर "एरर" येतं तो प्रकार आहे.

जाता जाता, मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) पंकज जोशी यांनी बरीच वर्षं यावरच काम केलं, की ढग आतून असमान दाट असेल तर गणितात कधीकधी क्षितिज न बनताच सिंग्युलॅरिटी उघडी पडते. असं होऊच शकत नाही हा पेनरोजचा १९६९ चा अंदाज, तो अजून कोणाला सिद्ध करता आलेला नाही.

चकलीताई :
झालं, भाच्याने "अनंत" वर व्हाइटनर मारलाय. आता तिथे "सरासरी घनता" आणि खाली तीन लाडू, सूर्याएवढा, सॅजिटेरियस, एम-८७, प्रत्येकाखाली आकडा. मधला काळा ठिपका खोडून काय काढू म्हणून विचारतोय, मी म्हटलं घड्याळ काढ.

खवचट_बोका :
काटे ६६ सेकंदांवर ठेवायला सांगा