मदत हवी आहे: सपोर्ट पर्सनचं ट्रेनिंग मराठीतून कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी, मी धुळ्याकडे एका छोट्या संस्थेत काम करते, पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केसमधल्या मुलांसोबत, म्हणजे तपासात आणि कोर्टात मुलाला सोबत करणारी सपोर्ट पर्सन म्हणून. यंदा सहा नवीन मुलंमुली कामाला आलीत, सगळी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली, मनापासून काम करणारी. कायदा त्यांना पाठ आहे, २०१२ चा अ‍ॅक्ट, जबाब घेताना पोलीस गणवेशात नकोत, मुलाला साक्षीसाठी परत परत कोर्टात बोलवायचं नाही, सगळं. पण समोर मूल बसलं की गडबड होते.

परवा एकीने नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्याच भेटीत विचारलं, "बाळा, काय झालं ते सांग ना." ती मुलगी आधीच तीन ठिकाणी सांगून आलेली. ती काहीच बोलली नाही, नुसती फ्रॉकची शिवण नखाने उसवत राहिली, आणि मला आतून तुटल्यासारखं झालं. चूक आमच्या त्या नवीन कार्यकर्तीची नाही हो, गप्प बसून सोबत करायची कशी हे आपण कुठे शिकवतो?

तर विचारायचं होतं, रोलप्लेसाठी कुणाकडे मराठीत प्रसंग तयार आहेत का? आमच्याकडची मुलं अहिराणी बोलतात, पुस्तकी मराठीतला धीर त्यांना परका वाटतो. आणि दुसरं, ही नवीन मंडळी रात्री झोपत नाहीयेत, एक तर घरी जाऊन जेवतच नाही म्हणाली. त्यांच्याशी दर आठवड्याला बोलायला बाहेरचा कुणी अनुभवी समुपदेशक मिळेल का, ऑनलाइन चालेल, मानधन थोडं देऊ शकतो. तुमच्याकडे हे कसं करता ते प्लीज सविस्तर लिहा.