कात बा बेटावरच्या पालींची मोजणी: एका रात्री बऱ्याच, दुसऱ्या रात्री एकही नाही

खडकवाट
व्हिएतनाममधल्या कात बा बेटावर, चुनखडीच्या जंगलात, गोनियुरोसॉरस कातबाएन्सिस या संकटग्रस्त पालीच्या मोजणीची आखणी करतोय. परवाने झालेत. अडचण अशी की एकाच वाटेवर एका रात्री बऱ्याच पाली दिसतात, दुसऱ्या रात्री एकही नाही. संख्या धरायची तरी कुठली? आणि खूण कशी करावी? बोटाचं पेर छाटण्याची जुनी पद्धत चालेल का?

निशाचर
बोटं छाटू नका. घरातल्या पालीच्या बोटांखाली चिकट पट्ट्या असतात, तशा या पालीला नसतात. उभ्या कातळावर ती नखांच्या आधाराने चढते. नखासकट पेर गेलं तर तिचं चढणंच अवघड होतं.

आता संख्येचं. पाली तेवढ्याच असतात, बाहेर येणाऱ्या कमीजास्त होतात. दिवसा त्या फटींत असतात; हवा कोरडी किंवा गार असली की रात्रीही तिथेच राहतात. हिवाळ्यात शोधण्यात अर्थ नाही, उन्हाळा-पावसाळ्याचे दमट महिने धरा. अंधार पूर्ण पडल्यावर सुरुवात करा आणि प्रत्येक फेरीची वेळ, लांबी, माणसं तीच ठेवा. अगदी सावकाश चाला. कातळाचा पायथा आणि त्यावरचे दोनेक मीटर नीट पाहा: फटी, मुळांमागच्या पोकळ्या, सुटे दगड. डोळ्यांच्या चमकेवर विसंबू नका, कारण पुष्कळदा डोकं फटीत आणि बाहेर फक्त शेपटीचे पट्टे अशी स्थिती असते. दर फेरीला हवेचं तापमान, आर्द्रता आणि कातळाच्या पृष्ठभागाचं तापमान लिहा. एकही पाल न दिसलेली रात्रसुद्धा नोंदवायचीच, ती गाळली की सरासरी फुगते.

पकडताना तळहात पोटाखाली, शेपटीला हात नाही. शेपटी तुटते आणि तिच्यात चरबीचा साठा असतो, म्हणजे तुटली तर पालीचं खाणंच गेलं. एका कापडी पिशवीत एकच पाल. नाकाच्या टोकापासून अवस्करापर्यंतची (शेपटीच्या मुळाशी असलेल्या विसर्जनद्वारापर्यंतची) लांबी, वजन, लिंग (नराच्या अवस्करापुढे छिद्रांची रांग आणि शेपटीच्या मुळाशी फुगवटे) एवढं झालं की ज्या फटीपाशी सापडली तिथेच सोडा.

मोजपट्टी
संख्येसाठी पकड-खूण-पुन्हा पकड हाच रस्ता, आणि नमुना लहान असल्यामुळे चॅपमनचं सूत्र, म्हणजे दुसऱ्या फेरीत खुणेच्या किती सापडल्या यावरून एकूण संख्येचा अंदाज. पहिल्या फेरीत १४ पाली खूण करून सोडल्या, दुसरीत १२ मिळाल्या, त्यांत ४ खुणेच्या, असं धरू. (१४+१) × (१२+१) ÷ (४+१) − १ = ३८.

खूण मार्करने केली आणि मधल्या काळात दोन पालींनी कात टाकली, तर खुणेच्या २ च दिसतील. मग तेच उत्तर ६४ येतं. संकटग्रस्त प्राण्याची संख्या अशी नकळत दीडपटीहून जास्त दाखवली जाते, म्हणून मला ही चूक सगळ्यात घातक वाटते. दोन फेऱ्यांत थोड्याच रात्रींचं अंतर ठेवा, मात्र लगेच दुसऱ्याच रात्री नको. हाताळलेली पाल दबून बसते.

पट्टेदार
मार्करच्या जोडीला फोटो घ्याच. बरोबर वरून, शेजारी मोजपट्टी, प्रकाश दरवेळी तसाच. मानेवरचा पट्टा, डोक्यावरचे ठिपके आणि दोन्ही कुशी जुळवून पाहा. शेपटीवरून ओळख पटवू नका, नव्याने उगवलेल्या शेपटीवर मूळ पट्टे येत नाहीत. पिल्लांची नक्षी वाढताना बदलते, त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

खडकवाट
उपयोगी आहे. फटींचे जीपीएस बिंदू अहवालात द्यावेत का?

निशाचर
अजिबात नाही. गोनियुरोसॉरस लुई या दक्षिण चीनमधल्या पालीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं, त्यानंतर पाली पाळणाऱ्यांच्या हौशी बाजारासाठी इतकी पकड झाली की मूळ ठिकाणावरून ती नाहीशी झाल्याचं नोंदलं गेलं. म्हणून २०१५ मध्ये चीनच्या चुनखडी भागातल्या दोन नव्या जातींचं वर्णन करणाऱ्यांनी नेमकं ठिकाण छापलंच नाही. चीन-व्हिएतनाममधल्या जाती २०१९ पासून साइट्सच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, आहेत, पण फटीचा पत्ता हाती असलेल्याला कागद अडवत नाही.

जाहीर नोंदीत फक्त बेटाचं नाव द्या, नेमके बिंदू कात बा राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाकडे. फोटो पाठवण्यापूर्वी त्यातली स्थान-माहिती पुसा आणि मागे ओळखू येणारा सुळका किंवा गुहेचं तोंड दिसत असेल तर तो भाग कापा. ऊतीचा नमुना, अगदी शेपटीचा तुकडाही, देशाबाहेर न्यायचा तर साइट्सचा निर्यात परवाना लागतो. तुमच्या संशोधन परवान्यात तो धरलेला नसतो.